फास्ट प्रॉडक्टच्या रेकॉर्ड: क्रमांकाने गोळा कराव्यात की कानाने?

स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या फास्ट प्रॉडक्ट या लेबलची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपनीची, यादी फास्ट 1 या क्रमांकाने सुरू होते आणि फास्ट 12 ला संपते. 1978 आणि 1979 या दोन वर्षांत सगळा कारभार आटोपला. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने भित्तिपत्रक, नाइट क्लब, त्या क्लबातले मांजर आणि अखेर संस्थापक टोनी विल्सन यांची शवपेटी अशा सगळ्यांना यादीत क्रमांक दिल्यामुळे त्या लेबलचा संपूर्ण संग्रह करणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे झाले. त्या मानाने फास्टची यादी एका फळीवर मावेल इतकी आटोपशीर दिसते आणि पोस्ट-पंककडे (पंकनंतरच्या प्रयोगशील रॉक संगीताकडे) नुकत्याच वळलेल्या संग्राहकाला नेमका तिचाच मोह पडतो. या रेकॉर्ड आज पैसे खर्चून परदेशातून मागवाव्यात का, आणि मागवायच्या तर कोणत्या, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. माझे मत आधीच नोंदवतो: चार सात इंची (छोट्या) आणि एक बारा इंची (मोठी) अशा पाच रेकॉर्ड मूळ स्वरूपात जवळ असाव्यात, बाकीचे संगीत पुनर्मुद्रणांतून आणि संकलनांतून ऐकावे, आणि यादी पूर्ण करण्याच्या नादी लागू नये. ही यादी ज्याने रचली, त्याने ती पूर्ण करू पाहणाऱ्याचीच थट्टा तिच्यात भरून ठेवली आहे.

बॉब लास्ट आणि हिलरी मॉरिसन या जोडीने हे लेबल उभे केले. लास्ट यांचे शिक्षण आर्किटेक्चरचे. रेझिलोज या एडिंबरोच्या बँडबरोबर ते दौऱ्यांवर काम करत. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी जानेवारी 1977 मध्ये उसनवारी करून स्वतःच्या बळावर काढलेली ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड मॉरिसन यांनी लास्ट यांना भेट दिली, आणि मोठ्या कंपनीच्या दारात न जाताही रेकॉर्ड काढता येते हे तिथून त्यांच्या मनाने घेतले. त्या काळच्या अनेक तरुणांच्या मनाने ते घेतले होते, परंतु लास्ट यांचा रोख निराळा होता. इतरांना कंपनी नावाच्या गोष्टीचीच शिसारी होती. लास्ट यांना कंपनी, तिचे नाव, तिचे बोधचिन्ह, तिची जाहिरात आणि तिचे वेष्टण हाच कलेचा ऐवज वाटत होता. ‘फास्ट प्रॉडक्ट’ हे नाव आधी ठरले आणि त्या नावाखाली विकायचे काय हे नंतर. ‘डिफिकल्ट फन’ आणि ‘म्यूटंट पॉप’ अशी घोषवाक्ये त्यांनी वापरली. माल म्हणून विकली जाणारी वस्तू स्वतःच्या मालपणाविषयी बोलू लागली तर काय होईल, हा त्यांचा प्रयोग होता. (लेबलच्या इतिहासात मॉरिसन यांचे नाव बहुधा दुसऱ्या ओळीत येते, हे अन्यायाचे आहे. त्या छायाचित्रे काढत आणि फ्लॉवर्स या बँडमध्ये गातही.)

पहिली रेकॉर्ड, फास्ट 1, म्हणजे मेकॉन्स या बँडची ‘नेव्हर बीन इन अ रायट’. लीड्स विद्यापीठातील कलाशाखेच्या वर्तुळातून आलेली ही मंडळी वाद्ये धड वाजवू शकत नव्हती आणि ते त्यांनी लपवलेही नाही. क्लॅश या पंक बँडच्या ‘व्हाइट रायट’ या गाण्यातील दंगलीच्या आवेशाला दिलेले हे उत्तर आहे: मी कधी दंगलीत गेलेलोच नाही, असा प्रामाणिक कबुलीजबाब. ड्रम आणि गिटार एकमेकांची वाट न पाहता चालतात आणि गाणे संपेपर्यंत त्यांची भेट होईलच अशी खात्री नसते. लंडनच्या रफ ट्रेड दुकानाने ही रेकॉर्ड इतकी वाईट वाजवलेली आहे म्हणून ती ठेवायलाच सुरुवातीला नकार दिला, असे सांगितले जाते. ते खरे मानायला ऐकणाऱ्याला काहीच अडचण येत नाही. कल्पना म्हणून ही रेकॉर्ड मला फार आवडते, पण टर्नटेबलवर ती क्वचितच चढते. तिला मी ‘घेतलीच पाहिजे’ अशा पाचांत धरत नाही.

त्याच मेकॉन्सची फास्ट 7, ‘व्हेअर वेअर यू?’, ही मात्र संपूर्ण यादीतील माझी सर्वांत आवडती सात इंची. एक गिटार दोनच सुरांवर घासत राहते, ड्रम उशिरा आत येतात, आणि गाणारा मुलगा एका मुलीला प्रश्नामागून प्रश्न विचारत जातो: मी तुझी वाट पाहत उभा होतो तेव्हा तू कुठे होतीस, इथपासून थेट लग्नाच्या मागणीपर्यंत. उत्तर कुठेच येत नाही. वाद्ये न येण्याची जी अडचण पहिल्या रेकॉर्डमध्ये विनोदासाठी वापरली होती, तीच इथे भावनेच्या कामी आली आहे, कारण अशा मुलाच्या हातून याहून सफाईदार वादन झाले असते तर ते खोटे वाटले असते. ही रेकॉर्ड त्या काळी चांगली खपली, त्यामुळे प्रती सापडतात. मात्र त्या भरपूर वाजवलेल्या असतात, आणि सुरुवातीचा एकट्या गिटारचा भाग शांत असल्यामुळे तिथली खरखर लपत नाही. ही एक रेकॉर्ड घेताना तरी विक्रेत्याने नुसती डोळ्यांनी पाहून दिलेली श्रेणी मान्य करू नये. वाजवून पाहिली का, असे विचारावे.

फास्ट 2 हे शेफील्डच्या 2.3 या बँडचे सिंगल. ते ऐकून सोडून देण्याजोगे आहे. त्याचे महत्त्व एवढेच, की त्या बँडच्या पॉल बॉवर यांच्यामार्फत शेफील्डच्याच आणखी एका मंडळाची टेप लास्ट यांच्या हाती पोहोचली. ते मंडळ म्हणजे ह्यूमन लीग, आणि ती टेप म्हणजे फास्ट 4: ‘बीइंग बॉइल्ड’ आणि मागच्या बाजूला ‘सर्कस ऑफ डेथ’.

मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श या दोघांनी कॉर्ग आणि रोलँड बनावटीच्या सिंथेसायझरांवर, शेफील्डमधील एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेत, घरगुती टेपरेकॉर्डरवर हे मोनो ध्वनिमुद्रण केले. इस्पितळात पोर्टर म्हणून काम करणाऱ्या फिल ओकी यांनी त्यावर शब्द लिहिले आणि गायले. लास्ट यांनी ती टेप जशी होती तशी जून 1978 मध्ये छापली. गिटार नाही, ड्रम नाहीत; आहे तो एक जाड, ओलसर, पायाखालून सरकणारा खर्ज. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचे माजी गायक जॉन लायडन यांनी एका संगीत-साप्ताहिकात पाहुणे परीक्षक म्हणून या मंडळींची ‘फॅशनेबल हिप्पी’ अशी संभावना केली. आज ते मत कोणी गंभीरपणे घेणार नाही, पण पंकच्या नायकाला हे संगीत पंकचे वाटले नाही ही माहिती मोलाची आहे, कारण लास्ट यांना तेच हवे होते.

या गाण्याच्या शब्दांविषयी मराठी वाचकाला थोडे अधिक सांगायला हवे. रेशीम मिळवण्यासाठी कोष उकळत्या पाण्यात टाकले जातात आणि आतला किडा मरतो, ही या गाण्याच्या शीर्षकामागची गोष्ट. आणि गाणारा श्रोत्यांना बुद्धाची वाणी ऐकून हा रेशीमधंदा थांबवा असे बजावतो. धर्मांविषयी आपल्या डोक्यात गोंधळ होता, हे ओकी यांनीच पुढे मान्य केले आहे. ज्या प्रदेशात बुद्धाचे नाव रोजच्या सार्वजनिक जीवनात घेतले जाते आणि पैठणीही कौतुकाने नेसली जाते, तिथल्या ऐकणाऱ्याला हे शब्द ब्रिटिश श्रोत्यापेक्षा जास्त विचित्र आणि कदाचित जास्त गमतीचे वाटतील. मला त्यातला गोंधळ खटकत नाही. वर्तमानपत्रातली एखादी बातमी आणि वाचनालयातले अर्धवट चाळलेले पुस्तक यांच्या बळावर कोवळ्या वयात जो नैतिक संताप येतो, तो इथे यंत्राच्या थंड आवाजावर ठेवलेला आहे, आणि त्या विजोडपणातच या गाण्याची सगळी गंमत आहे.

फास्ट 4 विकत घेताना सावध राहावे लागते. 1980 मध्ये ह्यूमन लीग फुटली. वेअर आणि मार्श हेवन 17 या नव्या बँडकडे गेले, तर ओकी यांनी नाव राखले. 1981 च्या नाताळात ‘डोंट यू वाँट मी’ ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि ती लाट पकडून ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीने ‘बीइंग बॉइल्ड’चे जुनेच ध्वनिमुद्रण पुन्हा बाजारात आणले. जानेवारी 1982 मध्ये ते सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. साहजिकच आज विक्रीला दिसणाऱ्या प्रतींत या दुसऱ्या खेपेच्या प्रती पुष्कळ असतात आणि काही विक्रेते, जाणूनबुजून असो वा नसो, त्यांच्यापुढे 1978 हे साल लिहून मोकळे होतात. तबकडीच्या मधल्या कागदी लेबलाचा आणि शेवटच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेल्या अक्षरांचा फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. याशिवाय बँडने पुढे हेच गाणे नव्याने ध्वनिमुद्रित केले होते आणि ते निराळ्या रेकॉर्डवर आहे. ते अधिक भरदार आहे, तरी पहिल्याची ओल त्यात नाही. आवाजापुरता विचार केला तर 1982 ची प्रत घेऊन काही बिघडत नाही; मात्र तिच्यासाठी पहिल्या खेपेची किंमत मोजू नये.

वेष्टणासाठी विकत घ्यावी अशी एकच सात इंची या यादीत आहे: फास्ट 5, लीड्सच्याच गँग ऑफ फोर या बँडची ‘डॅमेज्ड गुड्स’, ऑक्टोबर 1978. बँडने लास्ट यांना पत्र लिहून वेष्टणाविषयी सूचना केली होती. बैलाशी झुंजणाऱ्या एका स्त्रीचे वर्तमानपत्रातले छायाचित्र सोबत जोडून, त्यातील स्त्री आणि बैल या दोघांच्या तोंडी काय संवाद घालावा हेही लिहिले होते. त्या संवादाचा आशय असा, की आपण दोघेही करमणुकीच्या धंद्यात आहोत. लास्ट यांनी सूचनेप्रमाणे वेष्टण न करता ते पत्र आणि ते कात्रण हेच जसेच्या तसे मागच्या बाजूला छापून टाकले आणि पुढची बाजू जवळजवळ कोरी गुलाबी ठेवली. विक्रीचा व्यवहार उघड करणारे गाणे, विक्रीची वस्तू कशी सजवावी याच्या खासगी पत्रव्यवहारात गुंडाळून विकणे हा लास्ट यांच्या पद्धतीचा सर्वांत नेमका नमुना आहे. यात बँडची सूचना धुडकावलीही गेली आणि पाळलीही गेली. कोणाचा वरचष्मा झाला हे मला अजून ठरवता आलेले नाही.

संगीतही तोलामोलाचे आहे. अँडी गिल यांची गिटार सूर धरून ठेवत नाही, ती तुकडे पाडते. खाली ह्यूगो बर्नम आणि डेव्ह ॲलन यांचे ड्रम आणि बास मात्र नाचायला लावतात. ‘डॅमेज्ड गुड्स’ आणि ‘लव्ह लाइक अँथ्रॅक्स’ ही दोन्ही गाणी पुढच्या वर्षी ईएमआयच्या ‘एंटरटेनमेंट!’ या अल्बमवर नव्याने आली, आणि पुष्कळांनी तीच ऐकलेली असतात. दुसऱ्या गाण्यात एकाच वेळी दोन आवाज चालतात, एक गातो आणि एक सपाट स्वरात बोलतो. अल्बमवर तो बोलणारा आवाज प्रेमगीतांविषयी बोलतो. फास्टच्या रेकॉर्डवर तो ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक तपशिलांविषयी बोलत राहतो. फास्टचे रूप मला अधिक पटते, कारण भाष्य करण्याऐवजी ते फक्त पडदा बाजूला सारते. तिसरे गाणे ‘आर्मलाइट रायफल’ त्या अल्बमवर नाही. पाचांतली एकच घ्यायची असेल तर ही घ्यावी. गुलाबी कागद उन्हाने फिका पडतो आणि आतल्या तबकडीची गोल कड त्यावर उमटते, म्हणून कागद चांगला असलेल्या प्रतीला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

आता यादीतील दोन खड्ड्यांविषयी. फास्ट 3 आणि फास्ट 6 या रेकॉर्ड नाहीतच. ‘द क्वालिटी ऑफ लाइफ’ आणि ‘सेक्सेक्स’ अशी नावे दिलेले ते संच होते: त्यांत झेरॉक्स केलेली चिकटचित्रे आणि किरकोळ वस्तू घातलेल्या होत्या, आणि त्या वस्तूंत संत्र्याची सालही होती. रेकॉर्डच्या दुकानात, रेकॉर्डच्या क्रमांकाखाली, रेकॉर्ड नसलेली आणि ग्राहकाच्या घरी पोहोचेपर्यंत कुजणारी वस्तू विकायची, हा विनोद 1978 साली दुकानात उभ्या असलेल्या माणसासाठी उत्तम होता. आज मात्र जो माणूस ‘1 ते 12 पूर्ण’ असे म्हणायचे म्हणून हे संच शोधतो, तो त्या विनोदाचा श्रोता राहत नाही, विषय होतो. अशा संचात मूळचे सगळे कागद आहेत की नाहीत हे तपासण्याचे खात्रीचे साधन सामान्य ग्राहकाजवळ नसते, आणि झेरॉक्सची झेरॉक्स ओळखणे तर जवळजवळ अशक्य. यांवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संग्रहालयाने घ्यावेत, त्यांच्याकडे निदान वातानुकूलित कपाटे असतात.

फास्ट 8, स्कार्सची ‘अडल्ट/री’ आणि ‘हॉररशो’, ही एडिंबरोच्याच मुलांची 1979 मधील रेकॉर्ड. यादीतल्या इतर सिंगलांइतका तिचा गाजावाजा होत नाही. हे माझ्या मते गैर आहे. लीड्सची मंडळी डोक्याने वाजवत, स्कार्स दाताने वाजवतात. लेमन जेली या जोडीने 2005 मध्ये ‘हॉररशो’चा तुकडा उचलून एक सिंगल केले, तेव्हा काही काळ या जुन्या प्रतींची चौकशी वाढली. या रेकॉर्डला मागे मोठ्या बँडचे नाव नाही, त्यामुळे पाचांत हीच सहसा सर्वांत कमी भावात पडते.

पाचवी म्हणजे फास्ट 10, ह्यूमन लीगची बारा इंची ‘द डिग्निटी ऑफ लेबर’. यात गाणे एकही नाही, चार भागांचे वाद्यसंगीत आहे. खाणीतल्या मजुराचे श्रम आणि सोव्हिएत अवकाशयात्रा यांना जोडणारी एक कल्पना त्यामागे आहे, आणि वेष्टणावर एकटे चालत जाणारे युरी गागारिन आहेत. सोबत एक पातळ फ्लेक्सी तबकडी दिलेली होती, आणि तिच्यावर बँडची मंडळी याच रेकॉर्डचे वेष्टण कसे असावे यावर वाद घालताना ऐकू येतात. ‘डॅमेज्ड गुड्स’वर छापलेले पत्र हे जर लिखित कारस्थान असेल, तर हे त्याचे बोलते रूप. संगीत पहिल्या ऐकण्यात कंटाळवाणे वाटते, आणि दुसऱ्या भागाविषयी माझे मत अजूनही तेच आहे. पण पहिला भाग एकदा कानात बसला की मग पुढच्या दहा वर्षांतले बरेच इलेक्ट्रॉनिक संगीत त्याच्यातून निघाल्यासारखे वाटते. विकत घेताना फ्लेक्सी आत आहे की नाही हे लेखी विचारावे. ती पुष्कळदा गहाळ असते, आणि ती नसेल तर किंमत बरीच खाली यायला हवी.

‘इअरकॉम’ नावाचे तीन अंकही 1979 मध्ये निघाले: दोन बारा इंची, तिसरा सात इंचींची जोडी. नियतकालिकासारखी अनेकांची मिळून ही रेकॉर्ड काढायची कल्पना चांगली होती, पण प्रत्यक्षात ती विस्कळीत आहे. पहिल्या अंकात शाळकरी मुलांचा प्रॅट्स हा बँड आहे. तिसऱ्यात जर्मनीचे डीएएफ आहेत, आणि स्टुपिड बेबीज या नावाने गाणारी दोन लहान भावंडे आहेत. त्यांतला थोरला पुढे ॲडॅम्स्की या नावाने 1990 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. दुसऱ्या अंकाची किंमत चढी असते, ती मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडच्या ‘ऑटोसजेशन’ आणि ‘फ्रॉम सेफ्टी टू व्हेअर’ या दोन गाण्यांमुळे. ती त्यांच्या ‘अननोन प्लेझर्स’ या अल्बमच्या वेळी ध्वनिमुद्रित झालेली आहेत. गाणी उत्तम आहेत, परंतु ‘सबस्टन्स’ या संकलनाच्या सीडीवर ती सहज मिळतात. केवळ त्यांच्यासाठी इअरकॉम 2 घेणे म्हणजे जॉय डिव्हिजनच्या संग्राहकांशी विनाकारण बोली लढवणे आहे. शेवटचा क्रमांक, फास्ट 12, कॅलिफोर्नियाच्या डेड केनेडीजचे ‘कॅलिफोर्निया युबर आलेस’. ते जबरदस्त सिंगल आहे, पण बँडने ते आधीच स्वतःच्या लेबलवर अमेरिकेत काढले होते, आणि फास्टची कोणतीच खूण त्याच्यावर नाही.

ज्यांना मूळ प्रतींत रस नाही त्यांनी 1979 चे ‘द फर्स्ट इयर प्लॅन’ हे ईएमआयने काढलेले संकलन किंवा त्यानंतर अमेरिकेत निघालेले ‘म्यूटंट पॉप’ शोधावे. पहिल्या वर्षाचा बहुतेक ऐवज एका जागी मिळतो आणि खर्च एका चांगल्या सात इंचीएवढाच येतो.

भारतात मागवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आपल्याकडे या रेकॉर्ड कधी छापल्या गेल्या नाहीत, त्यामुळे मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात त्या मिळण्याची आशा धरू नये. मागवायच्या त्या ब्रिटनमधूनच, आणि सात इंची एकेकटी मागवली तर टपालखर्च व सीमाशुल्क मिळून मूळ किमतीला मागे टाकू शकतात; एकाच विक्रेत्याकडे तीन-चार मिळेपर्यंत थांबावे. दुसरे म्हणजे पावसाळा. या लेबलची वेष्टणे पातळ, बिनचकचकीत कागदाची आहेत आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत त्यांना एका मोसमात बुरशी धरते. तबकडी वेष्टणाबाहेर, वेगळ्या पांढऱ्या पाकिटात ठेवावी, वेष्टण तिच्यामागे उभे करावे, आणि दोन्ही मिळून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालताना तोंड उघडे राहू द्यावे. बंद प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते.

फास्टनंतर लास्ट यांनी पॉप:ऑरल हे लेबल काढले, आणि यादी बारावर संपल्याचे दुःख ज्यांना होते ते बहुधा तिकडे वळतात. फायर इंजिन्सचे 1981 मधील ‘कँडीस्किन’ हे सिंगल, त्यातल्या व्हायोलिनांसकट, अवश्य घ्यावे. त्याच बँडचे ‘लुब्रिकेट युअर लिव्हिंग रूम’ हे मोठे रेकॉर्ड मात्र दुकानात वेष्टणाऐवजी प्लॅस्टिकच्या हातपिशवीत विकले गेले होते, आणि ती पिशवी टिकून असेल तर विक्रेते तिच्यासाठी भलतीच किंमत सांगतात. पिशवी नसलेली प्रत घ्यावी. वाजायला ती तशीच वाजते.